आठ डॉलरमागे एक सेंट हत्तीचा

ओक्लाहोमा सिटीतल्या एखाद्या दुकानात शंभर डॉलरचं सामान घेतलं की बिल होतं 108 डॉलर 63 सेंट. आपण एमआरपीला सरावलेली माणसं. पुड्यावर ‘सर्व करांसहित’ छापलेलं असतं, तेवढे पैसे मोजतो आणि त्यात कर किती हे बघतही नाही. तिथे सामानाची किंमत एका ओळीत आणि कर तिच्या खालच्या ओळीत. दर 8.625 टक्के. हा तुटक आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो कुणीतरी उगाच किचकट करून ठेवल्यासारखा वाटला होता. मग त्याची फोड कळली, आणि आता बिलातली ती एक ओळ मला त्या शहराच्या जन्मपत्रिकेसारखी वाटते.

त्यातले 4.5 टक्के राज्याचे. उरलेले 4.125 शहराचे. शहराच्या वाट्यातले सव्वादोन टक्के महापालिकेच्या रोजच्या खर्चाला जातात: पगार, बागा, रस्त्यांची डागडुजी, दिवाबत्ती. पाऊण टक्का फक्त पोलीस आणि अग्निशमन दलाचा. तो दुसरीकडे वळवता येत नाही. एक टक्का एका वेगळ्याच खात्यात पडतो, आणि हा सगळा लेख त्या एका टक्क्यासाठी आहे. पण त्याआधी तो शेवटचा अष्टमांश टक्का. तो प्राणिसंग्रहालयाचा. लोकांनी 1990 मध्ये मतदान करून तो त्याच्या नावे केला. शंभर डॉलरमागे साडेबारा सेंट, म्हणजे बरोबर आठ डॉलरच्या खरेदीमागे एक सेंट. कुणी आठ डॉलरचे खिळे घेतो, कुणी मुलीसाठी रंगपेटी, आणि त्या प्रत्येक खरेदीतला एक सेंट हत्तींच्या चाऱ्याच्या दिशेने चालू लागतो.

सेंटचे असे तुकडे करणं ही त्या राज्याची जुनीच सवय. मंदीच्या काळात, 1930 च्या दशकात, अमेरिकेतल्या राज्यांनी विक्रीकर लावायला सुरुवात केली तेव्हा पंचाईत झाली ती छोट्या खरेदीची. दहा सेंटच्या पावावर दोन टक्के कर म्हणजे सेंटचा पाचवा हिस्सा. तेवढं नाणं आणायचं कुठून? मग ओक्लाहोमासह कित्येक राज्यांनी सेंटपेक्षाही लहान मोलाची टोकनं काढली, हलक्या धातूची, नाण्यासारखी, निव्वळ कर भरण्यासाठी. ओक्लाहोमाच्या टोकनांवर ‘वृद्धांच्या साहाय्यासाठी’ अशा अर्थाची अक्षरं असत. खिशात ते टोकन खुळखुळत असताना माणसाला कळत होतं की हा दमडीचा ऐवज कुणाच्या म्हातारपणाला लागणार आहे. टोकनं कधीच मोडीत गेली. 2025 च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने चलनासाठी एक सेंटचं नाणं पाडणंही थांबवलं. विक्रीकरातला सेंट मात्र कागदावर तसाच जिवंत आहे.

आता एक विचित्र गोष्ट. आपल्याकडे महापालिका म्हटलं की घरपट्टी आठवते. ओक्लाहोमा राज्यात शहराला रोजच्या कारभारासाठी मालमत्ता कर वापरताच येत नाही. तो जातो शाळांकडे आणि जिल्ह्याकडे; शहराने रोखे काढून कर्ज घेतलं असेल तर ते फेडायलाही चालतो, पण पोलिसाचा पगार त्यातून देता येत नाही. अमेरिकेतल्या इतर राज्यांतल्या शहरांवर एवढं कडक बंधन नाही. त्यामुळे ओक्लाहोमातलं शहर जगतं ते दुकानांच्या गल्ल्यावर. दुकानदार कर गोळा करतो, राज्याच्या कर आयोगाकडे भरतो, आणि आयोग दर महिन्याला शहराचा वाटा शहराकडे पाठवतो. महिन्याच्या त्या आकड्याकडे महापालिका जशी बघते, तसा आपला शेतकरी पावसाच्या नोंदीकडे बघतो. तेलावर चालणारं राज्य; 2015-16 च्या सुमारास तेलाचे भाव कोसळले, लोकांनी हात आखडला, आणि महापालिकेला खर्चाला कात्री लावावी लागली. लोकांनी सोफा घेणं पुढे ढकललं, म्हणून शहरातली कामं अडली.

त्यातून आणखी एक गंमत होते. हे शहर क्षेत्रफळाने अवाढव्य आहे, सुमारे 1600 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीच्या साधारण साडेतीन पट. आणि 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम 6 लाख 81 हजार. शहराच्या पोटात बेथनी, वॉर एकर्स, निकोल्स हिल्स अशी छोटी स्वतंत्र शहरं बेटांसारखी बसलेली आहेत. रस्त्याच्या अलीकडच्या दुकानातून टॉवेल घेतला तर कर एका शहराचा, पलीकडून घेतला तर दुसऱ्याचा. गिऱ्हाईक रस्ता ओलांडतं आणि अग्निशमन दलाचा पैसा शेजारी जातो. इंटरनेटवरची खरेदी वाढली तेव्हा तर तो शेजारीही राहीना. राज्याबाहेरचे कित्येक विक्रेते हा कर घेतच नव्हते. अखेर 2018 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात निकाल दिला, की ज्या विक्रेत्याचं राज्यात दुकान नाही त्याच्यावरही राज्य करवसुलीची जबाबदारी टाकू शकतं. गावोगावच्या महापालिकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

इतक्या चंचल पैशावर उभ्या असलेल्या या शहराने काय केलं, ते आता सांगतो.

1980 चं दशक या शहराला फार वाईट गेलं. 1982 च्या जुलैमध्ये पेन स्क्वेअर ही तिथली बँक बुडाली. तेलाच्या धंद्याला वाटलेली कर्जं तिला घेऊन बुडाली. शहराचा मध्यभाग ओस पडत गेला. मधून एक नदी वाहायची, नॉर्थ कॅनेडियन, पण वाहायची म्हणायचं इतकंच. पुराच्या भीतीने तिला सरळ चर करून टाकलं होतं आणि वर्षातला बराच काळ तिच्या पात्रात गवत माजायचं. महापालिका ते यंत्राने कापायची. गवत कापावी लागणारी नदी, असं लोक स्वतःच म्हणायचे.

मग 1991 आलं. युनायटेड एअरलाइन्सला विमानांच्या दुरुस्तीचं मोठं केंद्र उभारायचं होतं. हजारो नोकऱ्या. ओक्लाहोमा सिटीने सवलतींचं भरलं ताट पुढे केलं, तरी कंपनी गेली इंडियानापोलिसला. त्यामागचं कारण तिथे आजही सांगितलं जातं: आपल्या कर्मचाऱ्यांनी या शहरात राहायला यावं, असं कंपनीला वाटेना. महापौर रॉन नॉरिक स्वतः इंडियानापोलिसला गेले आणि तिथल्या रस्त्यांवरून हिंडले. संध्याकाळी माणसं बाहेर पडलेली, खेळाची मैदानं, हॉटेलं, गजबज. आपल्या शहरात काय कमी आहे हे त्यांना तिथे दिसलं. ते परत आले ते एक साधी कल्पना घेऊन.

कल्पना अशी. डॉलरमागे एक सेंट जादा विक्रीकर. पाच वर्षं, आणि मग बंद. त्यातून नऊ कामं: बेसबॉलचं मैदान, कालवा, नदीचं पुनरुज्जीवन, ग्रंथालय, नाट्यगृहाची दुरुस्ती, मोठं बंदिस्त क्रीडागृह, असं सगळं. कर्ज काढायचं नाही. पैसे येतील तसतसं बांधायचं. ओक्लाहोमात विक्रीकर वाढवायचा तर शहराच्या मतदारांची मंजुरी लागतेच. आणि नॉरिक यांनी नऊ कामांचे नऊ प्रश्न न विचारता एकच विचारला. सगळं किंवा काहीच नाही. ज्याला ग्रंथालय हवं त्याने बेसबॉललाही मत द्यायचं, बेसबॉलवाल्याने नाट्यगृहाला. 14 डिसेंबर 1993 ला 54 टक्के लोक हो म्हणाले. या योजनेचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव ‘मॅप्स’, म्हणजे नकाशे.

मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते ती कराच्या पाठीवर छापलेली मुदत. दुधाच्या पिशवीवर असते तशी. आपण ‘तात्पुरता’ कर हा शब्द ऐकून हसतो, कारण तात्पुरता म्हणून आलेला अधिभार नातवंडांपर्यंत टिकतो. इथे मात्र ठरावातच शेवटचा दिवस लिहिलेला होता, आणि तो दिवस कसा आला ते ऐकण्यासारखं आहे.

सुरुवात कठीण होती. 19 एप्रिल 1995 ला शहराच्या मध्यातल्या मरा फेडरल इमारतीसमोर स्फोटकांनी भरलेला ट्रक उडवण्यात आला. 168 माणसं गेली, त्यांत पाळणाघरातली लहान मुलंही होती. मॅप्सची कामं सुरू असतानाच हे शहर आपली माणसं मोजत होतं. शिवाय कामं लांबली, खर्च वाढला, लोक कुरकुरू लागले. मग 1998 च्या एप्रिलमध्ये ब्रिकटाउन भागातलं बेसबॉलचं मैदान उघडलं, आणि लोकांनी पहिल्यांदा आपला सेंट डोळ्यांनी पाहिला. विटांचा, हिरवळीचा, दिव्यांचा. शेजारीच कालवा खणायचं काम चाललेलं. कॅलिफोर्निया नावाचा चक्क रस्ता उकरून त्याच्या जागी पाणी आणत होते, जुन्या गोदामांच्या तळघरांच्या पातळीवर. पूर्वी जिथे वाघिणींचा माल उतरायचा तिथे आता बोटी चालतात.

तरी पैसे थोडे कमी पडत होते. तेव्हाचे नवे महापौर कर्क हम्फ्रीज यांच्यापुढे दोन वाटा होत्या: कामं काटछाट करून उरकायची, किंवा लोकांकडे पुन्हा जायचं. ते पुन्हा गेले. काम नीट पुरं करू द्या, आणखी सहा महिने द्या. 1998 च्या डिसेंबरमध्ये लोकांनी सहा महिन्यांची मुदतवाढ दिली. एकूण 66 महिन्यांत 30 कोटी 90 लाख डॉलरहून अधिक जमले, आणि हे पैसे खर्च होईपर्यंत ठेवीत असल्यामुळे त्यांवर आणखी सुमारे 5 कोटी 40 लाख व्याज आलं. कर्जाचं व्याज भरण्याऐवजी ठेवीचं व्याज कमावणारी महापालिका! हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं होतं.

आणि 1 जुलै 1999 ला तो कर थांबला. खरोखर थांबला. शहरातल्या प्रत्येक गल्ल्यावर त्या दिवसापासून डॉलरमागे एक सेंट कमी घेतला जाऊ लागला. पुढची अडीच वर्षं तो नव्हता.

माझ्या मते त्या अडीच वर्षांनीच पुढचं सगळं घडवलं. कारण 2001 च्या नोव्हेंबरात महापालिका पुन्हा एक सेंट मागायला गेली, या वेळी मोडकळीस आलेल्या शाळांसाठी, दुसरा मॅप्स म्हणून, तेव्हा लोकांजवळ दोन पुरावे होते: हे लोक सांगितलेलं बांधतात, आणि सांगितलेल्या दिवशी घेणं बंद करतात. 61 टक्के मतं पडली. 1 जानेवारी 2002 पासून सात वर्षं शाळांच्या इमारती, संगणक, बस यांना तो सेंट गेला. शाळा महापालिकेच्या नव्हेतच, त्यांचा कारभार स्वतंत्र मंडळांकडे. तरी शहराने हा पैसा उभा केला. 2008 मध्ये क्रीडागृहाच्या सुधारणेसाठी पंधरा महिने वाढ, आणि त्याच वर्षी सिएटलचा बास्केटबॉल संघ या शहरात राहायला आला. 2009 च्या डिसेंबरमध्ये, जगभर मंदी असताना, तिसरा मॅप्स: 77 कोटी 70 लाख डॉलर, त्यातून ट्राम, मोठं उद्यान, पदपथ, ज्येष्ठांसाठी आरोग्यकेंद्रं. 2017 मध्ये लोकांनी हा सेंट 27 महिन्यांसाठी रस्त्यांच्या कामाकडे वळवला आणि त्याच दिवशी पोलीस, अग्निशमन आणि रोजच्या सेवांसाठी पाव टक्का कायमचा वाढवून दिला. कायमचा कर वाढवायला मतदार स्वतः रांगेत उभे राहतात, हे चित्र मनात नीट बसायला मला वेळ लागला.

चौथ्या मॅप्सला 10 डिसेंबर 2019 रोजी सुमारे 72 टक्के मतं पडली. आकडे पाहा: 54, 61, पुन्हा 54, मग 72. या वेळच्या सोळा कामांत मनोरंजनापेक्षा माणसं जास्त होती. मानसिक आरोग्य, बेघरांसाठी घरं, कौटुंबिक हिंसेतून सुटलेल्यांसाठी केंद्र, मोकाट प्राण्यांसाठी निवारा. आणि क्लॅरा लूपर यांच्या नावाचं नागरी हक्क केंद्र. या शिक्षिकेने 1958 च्या ऑगस्टमध्ये कृष्णवर्णीय मुलांना बरोबर घेऊन कॅट्झ नावाच्या औषधांच्या दुकानातल्या उपाहारगृहात ठाण मांडलं होतं. गोऱ्यांसाठी राखलेल्या त्या काउंटरवर मुलांनी मागितलं होतं कोकाकोला. ज्या शहरातल्या गल्ल्यावर त्यांना एक पेय मिळत नव्हतं, त्याच शहरातले गल्ले आता डॉलरमागे एक सेंट बाजूला काढून त्यांच्या स्मरणार्थ इमारत उभी करत आहेत.

या गोष्टीला काळी बाजू आहे, आणि ती लहान नाही. विक्रीकर गरिबाला जास्त लागतो. ज्याची कमाई महिनाअखेर सगळीच्या सगळी किराणा आणि कपड्यांत जाते, त्याच्या प्रत्येक डॉलरवर कर बसतो; श्रीमंताची बचत, गुंतवणूक त्यातून सुटते. 29 ऑगस्ट 2024 पासून राज्याने किराण्यावरचा आपला 4.5 टक्के कर काढून टाकला, पण शहराचा वाटा दुधा-ब्रेडवर अजून आहे. काढला तर पोलिसांचा पगार कुठून द्यायचा, हा प्रश्न पुन्हा तिथेच येतो. दुसरं म्हणजे 2002 पासून हा सेंट एकदाही थांबलेला नाही. नाव बदलतं, काम बदलतं, मुदत संपायच्या आत नवी मंजुरी येते. 1999 सारखी ती अडीच वर्षांची पोकळी पुन्हा आलेली नाही, आणि मला तिची चुटपुट लागते. पुढे केलेला हात मागे घेऊन दाखवल्याशिवाय विश्वास किती काळ शिळा होत नाही? डिसेंबर 2023 मध्ये लोकांनी तो आणखी सहा वर्षं वाढवला, नव्या क्रीडागृहासाठी. शहर किमान 90 कोटी डॉलर घालणार, बास्केटबॉल संघाचे मालक 5 कोटी. 71 टक्के लोकांनी हो म्हटलं हे खरं, पण किराण्यावर कर भरणाऱ्या बाईच्या सेंटवर कोट्यधीशांच्या संघाचं घर बांधावं का, हे मला अजून पटलेलं नाही.

हे सगळं वाचताना मुलुंडचा जकात नाका सारखा डोळ्यांपुढे येत होता. ज्यांनी 2017 पूर्वी त्या बाजूने मुंबईत प्रवेश केला असेल त्यांना ट्रकांची ती रांग आठवत असेल, ताडपत्र्या सोडलेल्या, ड्रायव्हर चाकाच्या सावलीत झोपलेले. जकात म्हणजे आपल्या शहरांचा सेंटच होता: शहरात आलेल्या मालावर शहराने घेतलेला हिस्सा. भ्रष्टाचार होता, इंधन जळत होतं, ती गेली याचं दुःख कुणाला झालं नाही. पुण्या-ठाण्यात 2013 मध्ये तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, व्यापाऱ्यांनी बंद पाळले. मुंबईत जकात शेवटपर्यंत टिकली, वर्षाला सात हजार कोटींच्या आसपास देत, आणि 1 जुलै 2017 ला जीएसटीबरोबर गेली. बदल्यात राज्य सरकार महापालिकांना भरपाई देतं. 2016-17 चा आकडा पाया धरून त्यावर दरवर्षी 8 टक्के चक्रवाढ. पैसा येतो, बहुधा वेळेवर येतो. पण दादरच्या दुकानात आलेल्या साडीचा आणि दादरच्या गटाराच्या दुरुस्तीचा जो थेट धागा होता, तो तुटला. नगरपालिकांना घटनेत स्थान देणारी 74वी दुरुस्ती 1 जून 1993 ला अमलात आली; साडेसहा महिन्यांनी ओक्लाहोमा सिटीने तो पहिला सेंट मंजूर केला. एकाच वर्षी दोन देशांत शहरं पायावर उभी राहू पाहत होती. आपल्याकडे कर लावायचा की नाही, किती काळ, कशासाठी, हे मतपेटीतून नागरिकाला विचारायची सोय त्या दुरुस्तीत नव्हती, आजही नाही.

आणि ती गवत कापावी लागणारी नदी. पहिल्या सेंटातून तिच्यावर छोटे बंधारे बांधले, पाणी अडलं, शहरातून जाणाऱ्या तिच्या पट्ट्याला 2004 मध्ये ओक्लाहोमा नदी असं नवं नाव मिळालं. पाणी दिसल्यावर कुणीतरी त्यात वल्ह्याची होडी घातली. मग वल्हेकऱ्यांचे क्लब आले, बोटींची घरं काठावर उभी राहिली, राष्ट्रीय संघाचे खेळाडू सरावाला येऊ लागले. तिसऱ्या मॅप्सच्या सेंटातून 2016 मध्ये नदीकाठी कृत्रिम खळाळ तयार झाला: पंपांनी उचललेलं पाणी उतारावरून फेसाळत खाली येतं, कागदासारखी हलकी कयाक त्यातून वाट काढते. समुद्रापासून शेकडो मैल आत, गवताळ माळावर.

2028 चं ऑलिंपिक लॉस एंजेलिसला आहे, पण कयाकच्या त्या शर्यती होणार आहेत ओक्लाहोमा सिटीत, सुमारे दोन हजार किलोमीटर दूर, कारण असं पाणी त्यांच्याकडे तयार आहे. चौथ्या मॅप्सची मुदत त्याच वर्षी 31 मार्चला संपते आणि दुसऱ्या दिवशी क्रीडागृहाचा सेंट सुरू होतो. जुलैत खेळाडू येतील. काठावरच्या एखाद्या दुकानात कुणीतरी आठ डॉलरची टोपी घेईल, आठ सेंट त्या क्रीडागृहाच्या खात्यात पडतील, आणि एक हत्तीला.